तिसरी पायरी

अक्षयाला शिकवायची भारी हौस. कोणी नुसतं ‘हे कसं करतात गो?’ एवढं विचारायची खोटी, ही बाह्या सरसावून बसलीच. मालवणच्या बाजारपेठेतल्या एका कॉम्प्युटर क्लासात ती शिकवायची. तिथल्या पोरापोरींना पिडून जी हौस शिल्लक राहायची, ती घरी येऊन ‘तांडेल’च्या मार्गदर्शिकेवर भागवायची.

तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस, हे किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण हा तांडेल निराळा. पुण्यातल्या चार-पाच इंजिनियरांनी वेबसाइट बनवणाऱ्यांसाठी तयार केलेला तो एक सांगाडा होता. खांब-वासे त्यांनी उभारून दिलेले, भिंती आणि कौलं तुम्ही आपापली घालायची. फुकट मिळायचा. त्यांच्यातला एकजण वेंगुर्ल्याकडचा, नाव त्यानंच सुचवलेलं. माहिती मात्र सगळी इंग्रजीत, आणि लिहिलेली अशी की ज्याला आधीच येतंय त्यालाच ती कळावी. अक्षयाचं डोकं फिरलं. ‘नवशिक्यानं काय करायचं, समुद्रात उडी टाकायची?’ अशी मेल तिनं त्यांना ठोकून दिली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, ‘मग तुम्हीच लिहा.’

तिनं लिहिलं. ‘पहिलं पाऊल’ नावाचं, अस्सल मराठीतलं, पायरी पायरीनं जाणारं पान. उदाहरण म्हणून सगळे जण वाचनालयातली पुस्तकं नाहीतर दुकानातले शर्ट घेतात, त्याचा तिला वीट आला होता. बाप मच्छीमार, आई सुशीला मासळी विकणारी. तिनं उदाहरण घेतलं होड्यांचं. होडीचं नाव, तांडेल कोण, सोबत कोण, बाहेर कधी गेली. होडी परत आली की एक बटण दाबायचं, म्हणजे ती पडद्यावरून जायची. पडद्यावर राहायच्या त्या फक्त समुद्रात असलेल्या होड्या. शिकणाऱ्यानं दोन-चार खोट्या होड्या घालाव्यात, काढाव्यात, खूश व्हावं आणि पुढच्या पानावर जावं, एवढीच तिची अपेक्षा होती.

दोन हजार नऊच्या दिवाळीनंतर तांडेलची नवी आवृत्ती आली आणि पान सुधारायला घ्यावं लागलं. तसं फार काही बदललं नव्हतं. पण लोकांची एक तक्रार जुनीच होती. तिसऱ्या पायरीवर माहिती साठवायची जागा तयार करायची कमांड होती. ज्यानं आधी एकदा हे करून पाहिलेलं असेल, त्याला तिथं यंत्र इंग्रजीतून बजावायचं, की ही जागा आधीच आहे. झालं, नवशिका घाबरायचा आणि अक्षयाला मेल करायचा. तीच ती मेल वाचून ती कंटाळली होती. जुनं सगळं पुसून नवी जागा करणारी दुसरी एक कमांड तांडेलमध्ये पहिल्यापासून होती, मार्गदर्शिकेत तेवढी नव्हती. अक्षयानं तिसऱ्या पायरीवर जुन्या कमांडच्या जागी ती घातली. रांगोळी काढण्याआधी अंगण झाडून घ्यावं, तितकं साधं काम.

‘सावधान, आधीची माहिती जाईल’ असं एक वाक्य तिनं लिहिलंही होतं. मग खोडलं. पहिल्याच पानावर सावधान-बिवधान वाचून माणूस बिचकतो, आणि नवशिक्याकडं जाण्यासारखं असतं तरी काय? त्याऐवजी तिनं लिहिलं, ‘या पायरीत घाबरण्यासारखं काहीही नाही.’ पान चढवलं. संध्याकाळी पुण्याहून शाबासकीची मेल आली आणि आपण किती लोकांचा जीव हलका केला, या विचारात ती मजेत जेवली.

दुसऱ्या दिवशी वादळ आलं.

सकाळी रेडिओनं सांगेपर्यंत कोणाला फारसं गांभीर्य नव्हतं. नोव्हेंबरात कसलं वादळ, म्हणून म्हाताऱ्यांनी हसण्यावारी नेलं होतं. दुपारी मात्र वारा असा काही घुसला, की शेजारच्या घराचे पत्रे उडून यांच्या अंगणात येऊन पडले. वीज गेली. आईनं दाराला आडणा घातला आणि म्हणाली, “मामाक फोन कर बघया. मितेश थंय आसा.”

मितेश म्हणजे अक्षयाचा धाकटा भाऊ. वडलांची होडी दुरुस्तीला काढलेली, म्हणून महिनाभर आरोंद्याला मामाकडं राहायला गेला होता. रविकांतमामा खाडीकाठच्या मच्छीमार सोसायटीचे सेक्रेटरी. पंचावन्नाव्या वर्षी हौसेनं कॉम्प्युटर शिकलेले, आणि शिकल्यापासून भाचीच्या नावानं गावभर मिरवणारे. मितेशचा फोन लागत नव्हता. मामांचा लागला.

“वारो पिसाळलो गो,” मामा ओरडून बोलत होते. “माडांचे झाप उडतत. पण भियाचा काय कारण नाय. आमचे सगळे इले. एक पण होडी भायर नाय. दुपारी ते सरकारी लाँचवाले फोनार इचारी होते, तेंका पण तसांच सांगलंय.”

“मितेश खंय आसा? तेचो फोन लागना नाय.”

“तो दत्तारामावांगडा गेल्लो काल सांजचो, जाळां घेवन. पहाटे इलो आसतलो. निजलो आसतलो थंयच, दत्तारामाकडे.”

दत्ताराम हा मामांचा जुना दोस्त. बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन लांब गेलेली, घरात एकटा माणूस. मितेशला त्याच्याबरोबर जायला आवडायचं, कारण तो खूप गप्पा मारायचा.

“इलो आसतलो म्हंजे? तुमी बघल्यात तेका?”

“बघूक कित्याक होयो? कॉम्प्युटरार नाव नाय ना तेचां. पडदो साफ आसा.”

“खयच्या कॉम्प्युटरार?”

मामा एवढ्या वाऱ्यातही हसले. “आता ह्यां बघ! तुझ्याच पानावरचां तां, होड्यांचां. गणपतीपासून सोसायटीत चालू केलंय. कोण गेलो, कोण इलो, सगळां थंय. म्हटलां चेडवाक अचानक दाखवूया, खूश होतली.”

अक्षयाला आधी अर्थच लागेना. ते उदाहरण होतं. शिकताना चार खोटी नावं घालून पाहायची ती एक गंमत होती. कोणी ती खरीच वापरायला घेईल, जिवंत माणसांच्या नावानिशी, असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तिला धक्का बसला, पण हा पहिला धक्का होता आणि त्यात थोडा अभिमानही मिसळलेला होता. दुसरा लगेच मागून आला.

“मामा,” तिनं विचारलं, “सकाळी तुमी तां उघडतास कसां?”

“कसां म्हंजे? लिवलां तसां. सोसायटी उघडतंय, दिवो लावतंय, देवाक गाऱ्हाणां घालतंय. मगे तुझां पान काढून पयल्या पायरीपासून करत येतंय. पयली, दुसरी, तिसरी...”

“रोज? तिसरी पण रोज?”

“अगो, मधीच सुरवात कोण करता?”

आणि त्यात मामांचं काय चुकलं? या मुलखात होडी पाण्यात लोटायची असो की घराला कौलं घालायची असोत, गाऱ्हाणं झाल्याशिवाय कामाला हात लागत नाही. गाऱ्हाणं म्हणणारा मध्येच अडखळला, तर अडखळला तिथून पुढं जात नाही. ग्रामदेवतेपासून पुन्हा सुरू करतो, आणि भोवतीची माणसंही न कंटाळता पुन्हा पहिल्यापासून होकार भरतात. मामांनी यंत्रालाही तोच रिवाज लावला होता. पानाचं नावच ‘पहिलं पाऊल’. ते रोज टाकायचं नाही, असं त्या पानावर कुठंही लिहिलेलं नव्हतं. आणि इतके दिवस त्यानं काही बिघडलंही नव्हतं. तिसऱ्या पायरीवर यंत्र म्हणायचं जागा आधीच आहे, की मामा पुढं जायचे.

“आज तिसरे पायरेर काय दिसलां?” अक्षयानं विचारलं.

“आज नवलच. रोज तां कायतरी इंग्लिश सांगता. आज कायच बोलूक नाय, गपचूप झालां. मगे पडदो उघडून बघतंय तर साफ. मी म्हटलां, आपली विमला लवकर येवन सगळ्यांची बटणां दाबून गेली.”

विमला सोसायटीत झाडलोट करायची आणि येणाऱ्या होड्यांची बटणंही दाबायची. तिनं आज एकही बटण दाबलेलं नव्हतं.

काल दुपारी, याच खोलीत, चहा पीत पीत अक्षयानं ती तिसरी पायरी बदलली होती. आज सकाळी आरोंद्यात दिवा लावून, हात जोडून, तिच्या मामानं ती पाळली होती. बाकीच्या होड्या वारा फिरलेला पाहून पहाटेच परतल्या, त्यांच्या बायका-आया बंदरावर उभ्या होत्या, त्यांची मोजदाद झाली. दत्तारामची वाट पाहणारं बाई-माणूस बंदरावर कोणी नव्हतं. मितेशची आई मालवणात, अक्षयाच्या शेजारी उभी होती आणि ‘काय सांगता गो मामा?’ म्हणून खुणेनं विचारत होती.

“मामा, दत्तारामकाकांच्या घराकडे जावा. आत्ताच्या आत्ता.”

“अगो ह्या वाऱ्यात? पानदीत माड पडलो आसा...”

“जावा म्हणतंय ना!” ती किंचाळली. आयुष्यात कधी ती मामांवर ओरडली नव्हती.

फोन ठेवल्यावर अक्षयानं लॅपटॉप उघडला. निदान ते वाक्य तरी काढून टाकावं, असं तिच्या मनानं घेतलं. बॅटरी होती, पण इंटरनेट कुठलं? खांबच आडवे झाले होते. पान तिच्या पडद्यावर साठवलेलं तेवढं दिसत होतं, ‘या पायरीत घाबरण्यासारखं काहीही नाही’ यासकट. ते तिला बदलता येत नव्हतं. ती नुसती वाचत बसली.

मामांचा फोन आला तेव्हा त्यांच्या आवाजातला ओरडा गेला होता.

“कुलूप आसा,” ते म्हणाले. “जेटीर होडी पण नाय. लाँचवाल्यांका परत फोन केलंय. ते म्हणतत, ‘तुम्हीच सांगितलंत ना साहेब, कोणी बाहेर नाही म्हणून.’ तसांच सांगलंय मी, अक्षया. माझ्या तोंडान सांगलंय.”

दिवस मावळता मावळता गोव्याच्या एका ट्रॉलरला मितेश सापडला. उलट्या होडीला दोरीनं बांधून घेतलेला, तोंडातून शब्द फुटत नसलेला, पण जिवंत. आईनं देवापुढं डोकं टेकलं ते उचलेना. वडील भिंतीला टेकून रडले. अक्षयाला मात्र रडू आलं नाही, कारण ट्रॉलरवाल्यांनी सांगितलं होतं की होडीवर माणूस एकच होता.

दुसऱ्या दिवशी पडलेली झाडं तोडत तोडत एसटी सुरू झाली, तशी ती आरोंद्याला गेली. आधी सोसायटीत. वीज सकाळीच आली होती. मामा कॉम्प्युटरसमोर बसले होते, दाढी वाढलेली, सदऱ्याचं बटण वर-खाली लावलेलं. बाहेर बंदरावर माणसं जमली होती, पण मामांना कोणी काही बोललं नव्हतं. बोलले असते तर बरं झालं असतं, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

“ये, बस,” ते म्हणाले. “मी सकाळधरना परत परत करून बघतंय. ही पयली. ही दुसरी. बघ, एक अक्षर इकडचां तिकडे नाय. ही तिसरी. आता सांग, माझां खंय चुकलां?”

त्यांनी खरोखरच तिच्यासमोर सगळं करून दाखवलं, परीक्षेला बसलेल्या मुलासारखं. एकही पायरी चुकली नव्हती. क्लासातली तिची हुशार पोरंही इतकं नीट करत नसत.

“तुमचां कायच चुकूक नाय, मामा,” अक्षया म्हणाली. “तिसरी पायरी मी बदललंय. परवा. आदी ती नुसती जागा करी होती. आता ती पयलां सगळां पुसता आणि मगे जागा करता.”

मामांना ते कळायला वेळ लागला. कळत गेलं तसे त्यांचे डोळे पडद्यावरून तिच्याकडं आले.

“पुसता? आणि तां थंय लिवूक नाय?”

“नाय.”

“कित्याक गो?”

याचं उत्तर तिच्यापाशी होतं. कालपर्यंत ते किती शहाणपणाचं वाटत होतं! “वाटलां,” ती म्हणाली, “नव्यान शिकता तेच्याकडे पुसण्यासारखां काय आसतलां.”

तिला वाटलं, मामा आता चिडतील. एक थोबाडीत दिली असती तरी तिनं गाल पुढं केला असता. पण मामांनी कॉम्प्युटर बंद केला, खुर्ची मागं सारली आणि म्हणाले, “चल, घराकडे जावया. झील जागो झालो आसतलो.”

मितेश मामांच्या लोट्यावर, म्हणजे ओसरीत, चटईवर बसला होता. कृष्णाबाईमामी त्याला पेज भरवत होती, कारण दोरीनं सोलवटलेल्या हातांत त्याला वाटी धरवत नव्हती. ओठ मिठानं फाटलेले, डोळे लाल. बहिणीला पाहून तो हसायला गेला आणि ओठ फाटून रक्त आलं. अक्षया त्याच्याजवळ बसली. तिला त्याच्या अंगावरून हात फिरवायचा होता, पण हात लावायला कुठं जागाच दिसेना.

कालपासून तो फारसं बोलला नव्हता. आता कसा कोण जाणे, बोलायला लागला.

“होडी सकाळीच उलाटली. तरी आमी दोगव धरून होतो. काका मस्करी पण करी होतो. दुपारी लाँच दिसली गो आमका. लांब, पण दिसली. आमी बोंबललो. आणि ती वळली. तेंका दिसाक नाय आसतलो आमी.”

मामी पदरानं डोळे पुसायला लागली. मामा दारातच उभे होते, आत आले नव्हते.

“माझो धीर तेवाच सुटलो,” मितेश म्हणाला. “मी हात सोडी होतंय. काकान बांधल्यान माका. तेच्याकडे एकच दोरी होती. म्हणालो, अरे, ती परत येतली. रविकांतान माझ्यासमोर आपली नावां घातल्यान कॉम्प्युटरार. जोपर्यंत नाव आसा, तोपर्यंत ते सोदूचे थांबाचे नाय. तेचो हात सुटीपर्यंत ताच सांगी होतो. नाव आसा म्हणान.”

अंगणात कोणीतरी पडलेल्या माडावर कोयती चालवत होतं. मितेशनं मान वर करून दाराकडं पाहिलं.

“मामा, होतां ना आमचां नाव?”

मामांचा हात चौकटीवर होता. “होतां रे,” ते म्हणाले. “परवा सांजेपासून होतां.”

पेजेची वाटी मामीच्या हातात तशीच राहिली होती. ती अक्षयानं घेतली, खाली ठेवली.

“काल सकाळपर्यंत होतां,” ती भावाला म्हणाली. “मगे मी पुसलंय.”